ओडोन बाचींचा पुढचा दात

गिझी नेनींच्या आंबट चेरीच्या रोलमध्ये बी निघत नाही. (तिकडे नेनी म्हणजे मावशी आणि बाची म्हणजे काका.) हे विधान खुद्द गिझी नेनींचंच आहे आणि गेली चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात त्या ते करत आल्या आहेत. जुलैतल्या एका रविवारी, कॉफीच्या वेळेला, शेजारच्या वायकाई ओडोन यांच्या, म्हणजे ओडोन बाचींच्या, तोंडात ‘कट्’ असा आवाज झाला, तेव्हाही त्यांनी ते केलं.

“बी नाहीच ती,” त्या म्हणाल्या.

ओडोन बाचींनी तळहातावर दोन वस्तू काढून ठेवल्या. एक चेरीची बी होती. दुसरा त्यांच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा होता.

“हे दुसरं काय आहे?”

“दात.”

“बघ! म्हणजे एक तरी माझी नाही.”

ओडोन बाचींना ‘असू दे’ म्हणायचं होतं. ते सभ्य गृहस्थ होते. पण ‘सू’च्या जागी तोंडातून अशी खणखणीत शिट्टी निघाली की गिझी नेनींचा आखूड पायांचा कुत्रा मोर्झी टेबलाखालून उठला आणि त्यांच्या पायाशी येऊन आज्ञेची वाट बघत बसला.

शिट्टी वाजणारा दात कुठल्याही गृहस्थाला त्रासाचाच. पण ओडोन बाचींची गोष्ट वेगळी होती. दिवसा ते ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या ओवार गावात, भूमी अभिलेख कार्यालयात उपप्रमुख होते. तिथे शिट्टी चालली असती, कारण तिथे येणाऱ्या माणसाला आपला उतारा मिळाला की पुरे, साहेबांच्या उच्चारांशी त्याला काय करायचंय? मात्र शनिवारी ते वोफेय असत. ओवारच्या पंचक्रोशीत लग्न म्हटलं की वोफेय हवाच. हातात रिबिनी बांधलेली काठी घेऊन वरातीच्या पुढे तो चालतो, सूप आलं की सुपावर कवन म्हणतो, कोंबडी आली की कोंबडीवर, आणि नवरी घर सोडताना तिच्या वतीने आईबापांचा निरोप घेतो, तोही यमकात. ओडोन बाचींनी एकशे बारा लग्नं बोलून काढली होती. आणि एकशे तेरावं, सहा आठवड्यांवर आलेलं लग्न, त्यांच्या शारीचं होतं.

शारी म्हणजे बहिणीची मुलगी. बहीण, क्लारा, शारी नऊ वर्षांची असताना गेली. बाप त्याआधीच ऑस्ट्रियात कुठेतरी कामाला गेला होता, तो तिकडचाच झाला. तेव्हापासून शारी ओडोन बाची आणि त्यांची बायको एटेल्का यांच्याच घरी वाढली. तिच्या लग्नासाठी ओडोन बाचींनी अख्खा हिवाळा खपून क्लाराला उद्देशून बावन्न ओळींचा निरोप रचला होता. त्यात ‘स’ किती आहेत ते रविवारी संध्याकाळी त्यांनी मोजले. एकशे एकोणीस भरले.

पहिला सल्ला अर्थातच गिझी नेनींचा. “तुकडा दुधात ठेव. टीव्हीवर डॉक्टर सांगत होता. दुधात दात जिवंत राहतो, मग नुसता चिकटवायचा.”

सल्ला खरं तर बरोबर होता. गिझी नेनींच्या सल्ल्यांमधली गोम हीच की मधूनच एखादा बरोबर निघतो आणि त्याच्या भरवशावर माणूस पुढचे सहा ऐकतो. तुकडा कपात दुधात बुडवला, कप फ्रिजमध्ये ठेवला. सोमवारी सकाळी ओडोन बाचींनी जर्दाळूचा जॅम लावलेल्या सहा पालाचिंता, म्हणजे मैद्याची पातळ धिरडी, खाल्ल्या. चौथीत काहीतरी कचकन लागलं. साखर विरघळली नसेल, अशा समजुतीने त्यांनी ते गिळलं आणि मग कपाची आठवण झाली.

“एटेल्का, कपातलं दूध?”

“थोडंच उरलं होतं. पिठात घातलं. का?”

ओडोन बाचींनी पोटावरून हात फिरवला. आपण स्वतःचाच दात खाल्ला होता!

आता ओवार म्हणजे दातांच्या डॉक्टरांचं गाव. ब्रेडवाला सापडायला दोन गल्ल्या ओलांडाव्या लागतील, पण दात काढून घ्यायचा तर घरातून बाहेर पडलं की झालं. इथे स्वस्त पडतं म्हणून व्हिएन्नाहून माणसं गाड्या भरभरून येतात, सकाळी दात बसवतात, दुपारी लायता नदीकाठी मासा खाऊन त्यांची परीक्षा घेतात आणि संध्याकाळी घरी. ओडोन बाचींनी सात ठिकाणी फोन केले. सातही ठिकाणी सप्टेंबरपर्यंत व्हिएन्नाच्या पाहुण्यांची नोंद होती, गावच्या माणसाला जागा नव्हती.

“तू ओवारचा आहेस हे सांगतोसच कशाला?” गिझी नेनी कुंपणावरून म्हणाल्या. “जर्मनमध्ये बोल.”

ओडोन बाचींनी आठवा फोन व्हिएन्नाचे श्रीयुत ग्रूबर म्हणून केला. शाळेतलं जर्मन आणि शिट्टी यांचा मेळ इतका चांगला बसला की त्यांना परवाचीच दहाची वेळ मिळाली. त्या दिवशी ते उन्हाळी हॅट घालून गेले. आपला समज असतो की हॅटने माणूस परदेशी दिसतो. रिसेप्शनवरची मुलगी उभीच राहिली.

“अय्या, ओडोन बाची! ओळखलंत का? माझ्या लग्नात तुम्हीच नव्हता का वोफेय? कोंबडीवरचं कवन अजून आमचे हे म्हणून दाखवतात!”

ओडोन बाचींनी हॅट काढली.

“कसं काय येणं केलंत? आत्ता जरा गडबड आहे हो, दहाला एक ग्रूबर म्हणून यायचेत.”

“ते...” ओडोन बाची म्हणाले, “ते येणार नाहीत. वाटेत भेटले होते.”

“हो? बरं झालं कळलं. मग ती वेळ लिन्झच्या बाईंना देते.”

राहता राहिला सरकारी दवाखाना. तिथे भरण फुकट होतं, रांग छोटी होती, आणि डॉ. सोराडी नोएमी यांचा हात सगळ्या ओवारमध्ये चांगला, हे व्हिएन्नाच्या लोकांना अजून कळलेलं नव्हतं. एकच अडचण होती. आपापल्या भागाचाच डॉक्टर घ्यायचा. ओडोन बाचींचं घर कोपऱ्यावरचं. विम्याच्या कागदावर ते मोठ्या रस्त्यावरचं सतरा नंबर होतं, नगरपालिकेच्या कागदावर आडव्या गल्लीतलं दोन. सतरा म्हणजे डॉ. सोराडी, दोन म्हणजे दुसरेच एक डॉक्टर, जे ऑगस्टअखेरपर्यंत सुट्टीवर होते. “भूमी अभिलेखचा दाखला आणा, घर नक्की कुठे आहे त्याचा,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

ओडोन बाचींच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यातलं पहिलं हसू आलं. हसताना हवा लागून दात ठणकला, पण ते असो. आपल्याच कार्यालयाच्या तळमजल्यावर, आपल्याच हाताखालच्या हाल्मोशी बाईंच्या टेबलाशी ते गेले.

“अर्ज भरा, साहेब. तीस दिवस.”

“हाल्मोशी बाई, मी तुमचा साहेब आहे.”

“म्हणूनच तर. स्वतःच्या मिळकतीच्या कागदाला साहेबांचा हात लागता कामा नये. परिपत्रक आहे.” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

परिपत्रक ओडोन बाचींनीच सहा वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कुठे एक फट नव्हती. भाषाही सुरेख होती. आपल्या लेखणीबद्दल अभिमान वाटावा की स्वतःलाच ठोसा मारावा, हे न कळून ते वर गेले. दाखला नवव्या दिवशी मिळाला. तेवढ्यासाठीही हाल्मोशी बाईंनी ‘तातडीचे, आरोग्यविषयक’ असा शिक्का मारला आणि नंतर महिनाभर त्या साहेबांशी जरा उपकार केल्यासारख्या बोलत.

डॉ. सोराडी चाळिशीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी दात पाहिला, दाखला पाहिला.

“वायकाई साहेब, माझ्या घराचा उतारा तुमच्याकडे अकरा महिने पडून होता.”

“पायऱ्या अस...” शिट्टी वाजली. “पायऱ्या असतात, डॉक्टर.”

“हेच तेव्हाही म्हणाला होतात. ह्यालाही पायऱ्या असतात. आधी तोंडात रबराचा पडदा लावू, म्हणजे फक्त दात बाहेर राहील आणि कोरडा राहील.”

ओडोन बाचींनी तो हिरवा पडदा पाहिला. त्याच्यामागे जीभ हलणार नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. “माझा जीव गुदमरतो. कापूसच लावा. मी बोलणार नाही. शब्द देतो.”

“बघा हं. दाताच्या पृष्ठभागावर मी आम्ल लावणार, मोजून पंधरा सेकंद. डोळ्याला दिसत नाहीत अशी बारीक बारीक लाखो भोकं पडतात. धुऊन घेतलं की त्यात हा पातळ राळेसारखा द्रव शिरतो. वर निळा दिवा धरला की आतल्या आत कडक होतो, जमिनीत मुळं धरावीत तसा. भरण त्याला धरून बसतं. आतला मऊ दात पार सुकवायचाही नाही, किंचित ओलसर ठेवायचा, नाहीतर त्यातली जाळी खाली बसते आणि द्रव शिरत नाही. पण पाण्याची ओल वेगळी, थुंकी वेगळी. त्या भोकांत एकदा थुंकी गेली की द्रवाने जायचं कुठे?”

ओडोन बाची भारावून ऐकत होते. एकामागून एक पायरी, एकही गाळता येत नाही, क्रम चुकला की सगळं रद्द: असं काम जगात आपल्या खात्याशिवाय आणखी कुठे होत असेल याची त्यांना कल्पनाच नव्हती. आम्ल लागलं, धुतलं, वारा मारला. दात खडूसारखा पांढरा दिसू लागला. आणि नेमक्या त्या क्षणी, कापसाच्या दोन लोळ्यांमधून, त्यांना राहवलं नाही.

“म्हणजे हे नोंदणीसारखंच की! आधी मोजणी, मग हरकती, मग...”

“बोललात,” डॉ. सोराडी म्हणाल्या.

“एकच वाक्य.”

“त्या वाक्यात जीभ तीनदा लागली.” त्यांनी पुन्हा धुतलं, पुन्हा आम्ल, पुन्हा सगळं. ओडोन बाची पुन्हा ‘माफ करा’ म्हणाले. बाहेर अकरा माणसं बसलेली होती. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी जमलं तसं भरण केलं, घासून गुळगुळीत केलं आणि आरसा दिला. दात तर सुंदर झाला होता.

तो गुरुवारी, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, उकडलेल्या मक्याच्या कणसात राहिला. कणीस ओडोन बाचींच्या हातात, दात कणसात, आणि मोर्झी कुंपणातून धावत आलेला, कारण ओडोन बाचींनी ‘सत्यानाश’ म्हटलं होतं.

“दात स्वच्छ नसेल म्हणून निघाला,” गिझी नेनी म्हणाल्या. त्यांच्या मनाला ती बी लागून राहिली होती. मान्य करायची नव्हती, पण भरून द्यायची होती. त्यांनी दोन बाटल्या आणून दिल्या. एकीत जखमा धुवायचं पेरॉक्साईड. “ह्याने सकाळ-संध्याकाळ घास. फोटोत दात चकाकतील.” दुसरीत लवंगेचं तेल. “आणि हे दुखण्यावर. तुटलेल्या जागी चांगलं चोळ.” ओडोन बाची प्रत्येक गोष्ट नेमाने करणारे. त्यांनी ते चार दिवस नेमाने केलं.

सोमवारी ते मुकाट्याने पडद्याला तयार झाले. एक शब्द बोलले नाहीत. सगळ्या पायऱ्या यथासांग झाल्या. आणि मंगळवारी, सुपात बुडवलेला मऊ पाव खाताना, दात चमच्यात उतरला.

शुक्रवारी डॉ. सोराडींनी तो तुकडा उलटा करून भिंगाखाली पाहिला. त्यांचाही स्वाभिमान दुखावला होता. त्यांचं भरण पावाने निघत नसे. मग त्यांनी ओडोन बाचींच्या तोंडाजवळ नाक नेलं.

“लवंग?”

“थोडीशी.”

“लवंगेच्या तेलाने राळ मऊची मऊ राहते, वायकाई साहेब. आणि हे दात इतके पांढरे कशाने झाले?”

ओडोन बाचींनी सांगितलं.

डॉक्टर खुर्चीवर बसल्या. “पेरॉक्साईडमधला प्राणवायू दातात अडकून बसतो. आणि तो असला की हा द्रव कडक होत नाही. मी तुमच्या दातावर जगातलं सगळ्यात चांगलं भरण जरी केलं तरी ते बसणार नाही. कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

“शेजाऱ्यांनी.”

“आता दोन आठवडे थांबायचं. दाताला काहीही लावायचं नाही. शेजाऱ्यांनी काहीही सांगितलं तरी.”

दोन आठवडे म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत.

ते पंधरा दिवस ओडोन बाचींनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. ते रोज अंगणात निरोपाची तालीम करत. ‘सोनुले, सांभाळ सासर, सोबत सावली माझी’ ही आईच्या उत्तराची ओळ आली की मोर्झी तीनदा येऊन तीनदा परत जाई. त्यांनी ‘स’ टाळून निरोप लिहायचा प्रयत्न केला, पण मग सासर गेलं, संसार गेला, सावली गेली, उरलं काय तर डोळे आणि घर. एटेल्का स्वयंपाकघरातून म्हणाली, “ओडोन, तेवढंच म्हण की.” त्यांनी ऐकलं नाही. बावन्न ओळी म्हणजे बावन्न ओळी. आपल्या बहिणीसाठी आपल्याला जे करता आलं नाही, ते सगळं त्यांनी त्या बावन्न ओळींत बसवलं होतं, आणि एका चेरीच्या बीपायी ते अडून राहिलं होतं. ऑफिसात ते तोंडावर हात धरून बोलत. हाल्मोशी बाईंना वाटलं साहेबांना रडू येतंय, म्हणून त्या त्यांच्याकडे कमी फायली पाठवू लागल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, शारी त्यांच्याबरोबर दवाखान्यात आली. “फुलवाल्याकडे जायचंच आहे, तुला सोडते,” म्हणाली, पण सोडून गेली नाही. आत येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. डॉ. सोराडींनी पडदा ताणून बसवला, दाताभोवती धागा आवळला. ओडोन बाचींच्या तोंडातून आता फक्त श्वास येत होता.

“चाळीस मिनिटं,” डॉक्टर म्हणाल्या. “आज मी घाई करणार नाही.”

आम्लाची निळी रेघ दातावर पडली. घड्याळ टिकटिकत होतं.

“मामा,” शारी म्हणाली. “मला तुला काहीतरी सांगायचंय. हिवाळ्यापासून सांगायचंय. पण तू मध्ये जागाच ठेवत नाहीस.”

ओडोन बाचींनी डोळे तिच्याकडे वळवले.

“मान हलवू नका,” डॉक्टर म्हणाल्या.

“ते निरोपाचं... आईचं. खूप सुंदर आहे. पण मला ते नको.” तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. “दोनशे माणसांसमोर आईचं नाव आलं की मी कोसळेन. आणि मला त्या दिवशी कोसळायचं नाहीये. आईला मी सकाळी एकटीच भेटून येणार आहे, कबरीवर. ते माझं मी करेन.”

पाण्याचा फवारा आला, मग हलका वारा. डॉ. सोराडी खाली मान घालून काम करत होत्या. पण त्यांचा हात जरा सावकाश झाला होता.

“आणि घर सोडताना निरोप कुणाचा घ्यायचा ते मी ठरवलंय. तुझा आणि मामीचा. एटेल्का मामीला सांगितलंय, ती म्हणाली तूच सांग त्याला. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून शाळेच्या प्रत्येक कागदावर तुझी सही आहे, मामा. तू स्वतःच माझ्या वतीने आईचा निरोप घेणार, मग तुझा कोण घेणार? वोफेय स्वतःचा निरोप घेऊ शकतो का? नाही ना? मग तेवढं मी बोलेन. यमक बिमक येत नाही मला. चार वाक्यं बोलेन.”

ओडोन बाचींना ह्यावर बोलायला निदान वीस मुद्दे होते. परंपरा होती, क्रम होता, पाहुण्यांना छापून दिलेला कार्यक्रम होता. ते सगळे मुद्दे पडद्यामागे येऊन थांबले आणि तिथून हळूहळू परत गेले. मग मागे जे उरलं ते डोळ्यांतून आलं. ते कानापर्यंत ओघळलं.

“मामा, रडू नको ना! डॉक्टर, ओलं होईल हो ते!”

“रडू द्या,” डॉ. सोराडी म्हणाल्या. “पडदा आहे. दात कोरडा आहे.” त्यांनी द्रवाचा बारीक ब्रश दातावर फिरवला, फुंकर घातल्यासारखी हवा सोडली आणि निळा दिवा उचलला. “डोळे मिटा दोघांनीही. ह्या उजेडाकडे बघायचं नाही.”

शारीने डोळे मिटले आणि चाचपडत मामाचा हात धरला.

लग्न लागलं. ओडोन बाचींनी रिबिनींची काठी आपटली, सुपावर कवन म्हटलं (“सूप आलं हो सज्जनांनो, सावरून बसा, सांडलं तर सासूबाईंच्या साडेचारशे वर्षांच्या हशा!”, ह्यातलं शेवटचं कुणाला कधीच कळलं नाही, पण यमक जुळतं म्हणून दर लग्नात टाळ्या पडतात). एकाही ‘स’ला शिट्टी वाजली नाही. तळलेल्या कोंबडीचं हाड त्यांनी मुद्दाम, आग्रहाने बोलावलेल्या डॉ. सोराडींच्या टेबलाकडे बघत, पुढच्या दातांनी तोडलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

पण हे सगळं जेवणाच्या वेळचं. त्याआधी सकाळी, घराच्या पायरीवर, नवरी निघायच्या वेळी अंगण माणसांनी भरलं होतं. बाया रुमाल काढून तयार होत्या. ओडोन बाचींचा हिवाळाभर चाललेला निरोप सगळ्या गल्लीने कुंपणाआडून ऐकला होता. कुठे रडायचं तेही त्यांना पाठ होतं. ओडोन बाची पुढे आले, काठी आपटली आणि म्हणाले, “आजचा निरोप नवरीच घेईल.”

आणि ते मागे सरून एटेल्काशेजारी उभे राहिले. शारी चार वाक्यं बोलली. तिसऱ्याला तिचा आवाज जरा हलला, चौथं तिने पुरं केलं. ओडोन बाचींनी ओठ घट्ट मिटून मान हलवली; एकदा, दोनदा, पुन्हा एकदा.

पहिल्या रांगेतून गिझी नेनी शेजारणीच्या कानात, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात, कुजबुजल्या, “गेला बाई पुन्हा दात! म्हणून बोलत नाहीये.”

दोनशे माथी हळहळून हलली. ओडोन बाचींकडे ह्यावर चोख उत्तर होतं, तोंडात मजबूत दात होता, आणि खुलासा करायला भरपूर वेळ होता. त्यांनी खुलासा केला नाही.